आठ मिलिमीटरच्या फितीवरील आगगाडी

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला आणि भारताने पहिल्यांदा सिनेमा पाहिला. त्या दिवशीच्या सहा छोट्या चित्रफितींपैकी एक होती फलाटावर येणाऱ्या आगगाडीची. सिनेमा आणि आगगाडी यांचा ऋणानुबंध असा अगदी जन्मापासूनचा आहे, आणि त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. सिनेमाला हवी असते गती, आणि वाफेच्या इंजिनाइतकी उघड्यावर मांडलेली गती दुसऱ्या कोणत्याही यंत्रात दिसत नाही. विजेच्या किंवा डिझेलच्या इंजिनाचे सारे काम पोटात दडलेले असते. वाफेच्या इंजिनाचा दट्ट्या, त्याला जोडलेला दांडा, त्या दांड्याने फिरणारी चाके, धुराड्यातून निघणारा प्रत्येक उसासा, सारे डोळ्यांसमोर घडते.

आगगाडीवरचे मोठे चित्रपट आणि माहितीपट पुष्कळांना ठाऊक असतात. या लेखाचा विषय मात्र त्यांहून पुष्कळ लहान आहे. कारकून, शिक्षक, दुकानदार, पाद्री, कारखान्यातले कामगार अशा साध्यासुध्या माणसांनी स्वतःच्या खर्चाने, सुट्टीच्या दिवशी, रुळांच्या कडेला उभे राहून वाफेच्या गाड्यांची जी चित्रफीत घेतली, तिच्याविषयी येथे लिहावयाचे आहे. हा छंद जगात अनेक ठिकाणी होता, पण त्याला सर्वांत मोठा बहर आला तो ब्रिटनमध्ये, म्हणून विवेचन मुख्यतः तिथलेच आहे. ही फीत कशी तयार होत असे, ती काय सांगते, कोठे फसवते आणि आज तिचे काय होत आहे, एवढ्या चार गोष्टी क्रमाने पाहू.

कॅमेरा घरात आला

प्रारंभीची सिनेमाची फीत ३५ मिलिमीटर रुंदीची आणि नायट्रेटची असे. ती महाग तर होतीच, शिवाय भडका उडून पेट घेणारी होती. असली वस्तू घरात ठेवणे म्हणजे विस्तव उशाशी घेऊन झोपणे. हौशी माणसाचा मार्ग मोकळा झाला तो न भडकणारी ॲसिटेटची फीत आणि लहान माप या दोन गोष्टींमुळे. १९२२ साली फ्रान्सच्या पाथे कंपनीने ९.५ मिलिमीटरची फीत आणली. तिची छिद्रे कडेला नसून मधोमध, दोन चित्रांच्या मधल्या जागेत असत. १९२३ साली अमेरिकेच्या कोडॅक कंपनीने १६ मिलिमीटरची फीत आणि तिचा कॅमेरा बाजारात आणला. १९३२ साली त्याच कंपनीने ८ मिलिमीटरची फीत काढली आणि मध्यमवर्गीयाच्या खिशाला परवडेल असा सिनेमा अस्तित्वात आला. १९६५ साली ‘सुपर ८’ आली. तिची फीत बंद डबीत येई, त्यामुळे कॅमेऱ्यात ती ओवण्याचा खटाटोपही संपला.

आठ मिलिमीटरच्या फितीची रचना मोठी हिकमती होती. विकत मिळे ती फीत खरे तर १६ मिलिमीटर रुंदीचीच, पण पंचवीस फूट लांबीची असे. कॅमेऱ्यातून ती एकदा जाई तेव्हा तिच्या अर्ध्या रुंदीवरच चित्रे उमटत. मग रीळ उलटे करून पुन्हा घालावयाचे, म्हणजे उरलेल्या अर्ध्या भागावर चित्रे येत. धुलाईनंतर प्रयोगशाळेत ती मधोमध उभी चिरून दोन तुकडे एकापुढे एक जोडले जात आणि पन्नास फुटांचे रीळ घरी येई. एका फुटात ८० चित्रे, म्हणजे पन्नास फुटांत ४,०००. सेकंदाला १६ चित्रे या गतीने ती दाखविली की पडद्यावर चार मिनिटे आणि दहा सेकंद भरत. एका रिळाचे आयुष्य एवढेच. आज खिशातला दूरध्वनी काढून तासभर चित्रण करणाऱ्या आपल्याला या चार मिनिटांची किंमत एकाएकी कळणार नाही. त्या काळी बटण दाबण्यापूर्वी माणूस दहा वेळा विचार करी.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की, ही फीत बहुधा ‘रिव्हर्सल’ प्रकारची असे. कॅमेऱ्यात जी फीत होती तीच धुलाईनंतर पडद्यावर दाखवायची फीत होई. नेहमीच्या छायाचित्रासारखी मूळ प्रत वेगळी आणि छापील प्रत वेगळी असा प्रकार नव्हता. जगात त्या चित्राची प्रत एकच, आणि दर वेळी प्रक्षेपकातून काढली की तिच्यावर एखादा ओरखडा वाढणार. या एकाच गोष्टीत हौशी चित्रफितींचे सारे भाग्य आणि दुर्भाग्य सामावलेले आहे.

व्यावसायिक आणि हौशी

रेल्वेचे चित्रण व्यावसायिक मंडळींनी केले नाही असे मुळीच नाही. ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागाने १९३६ साली काढलेला ‘नाइट मेल’ हा माहितीपट जगप्रसिद्ध आहे. धावत्या गाडीत टपालाची वर्गवारी करणारी माणसे त्यात दिसतात. परंतु ते डब्यातले दृश्य प्रत्यक्षात स्टुडिओत उभारलेल्या डब्यात घेतले होते आणि गाडी हलत असल्याचा भास व्हावा म्हणून कामगारांना डुलत राहायला सांगितले होते. पुढे १९४९ साली राष्ट्रीयीकृत वाहतूक खात्याचा स्वतःचा चित्रपट विभाग निघाला आणि त्यानेही अनेक उत्तम माहितीपट केले. या चित्रपटांना कथन होते, संगीत होते आणि सांगण्यासारखा एक मुद्दा होता. रेल्वे कार्यक्षम आहे, आधुनिक होत आहे, हा तो मुद्दा.

हौशी माणसापाशी असा मुद्दा नव्हता. त्याला गाडी थांबवता येत नव्हती की पुन्हा बोलावता येत नव्हती. जे समोरून गेले ते गेले. दिवे, संगीत, कथन यांतले काही त्याच्या हाती नव्हते. पण याच कारणाने सरकारी कॅमेऱ्याने ज्या गोष्टींकडे ढुंकूनही पाहिले नसते त्या त्याच्या फितीत शिरल्या. दोन डब्यांची रोडावलेली खेड्यातली गाडी, फलाटावरच्या दुधाच्या बरण्या, पाणी घेत उभे असलेले गंजके इंजिन, फाटकावर हात हलवणारी मुले. यांतले काहीही त्या काळी ‘महत्त्वाचे’ नव्हते. आज तेच महत्त्वाचे ठरले आहे, कारण दुसऱ्या कोणत्याही कॅमेऱ्याने ते टिपलेले नाही.

निरोपाची घाई

या छंदाला जोर चढला तो एका निर्णयामुळे. १९४८ साली राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा ब्रिटिश रेल्वेकडे सुमारे वीस हजार वाफेची इंजिने होती. १९५५ साली आधुनिकीकरणाची योजना जाहीर झाली आणि वाफ जाणार हे निश्चित झाले. मार्च १९६० मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून ‘इव्हिनिंग स्टार’ हे इंजिन बाहेर पडले. ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेले ते शेवटचे वाफेचे इंजिन. नावातच सांजवेळ होती. हे नवेकोरे यंत्र पाच वर्षांतच, १९६५ साली, सेवेतून काढण्यात आले. दरम्यान १९६३ साली डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. दोन हजारांहून अधिक स्थानके आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करावेत अशी त्यात शिफारस होती. म्हणजे आधी इंजिने जाणार होती, आता ज्यावरून ती धावत ते रूळही जाणार होते. ११ ऑगस्ट १९६८ रोजी लिव्हरपूल, मँचेस्टर, कार्लाइल अशी निरोपाची खास गाडी धावली आणि ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य जाळ्यावरची वाफेची वाहतूक संपली.

घरातले वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळले म्हणजे त्याचे एखादे छायाचित्र काढून ठेवावे असे सर्वांना वाटू लागते. तसेच येथे झाले. १९५५ ते १९६८ या तेरा वर्षांत हजारो माणसे कॅमेरा घेऊन रुळांच्या कडेला उभी राहिली.

त्यांपैकी एका नावाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. आयव्हो पीटर्स (१९१५–१९८९) हे बाथ शहराच्या परिसरातले गृहस्थ. बाथ ते बोर्नमथ हा सुमारे ७१ मैलांचा ‘सॉमरसेट अँड डॉरसेट’ मार्ग म्हणजे त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. मेंडिप टेकड्यांवरून चढउतार करीत जाणारा हा मार्ग इतका अवघड होता की, पुष्कळ गाड्यांना दोन इंजिने जोडावी लागत. पीटर्स यांनी वर्षानुवर्षे त्याच मार्गाची छायाचित्रे आणि चलच्चित्रे घेतली. त्याच वळणावर, त्याच पुलाजवळ, निरनिराळ्या ऋतूंत ते पुनःपुन्हा उभे राहिले. ८ सप्टेंबर १९६२ रोजी ‘पाइन्स एक्स्प्रेस’ ही या मार्गावरील मानाची गाडी शेवटची धावली, तिला ‘इव्हिनिंग स्टार’ जोडले होते. ७ मार्च १९६६ रोजी सारा मार्गच बंद झाला. पुढे रूळ उखडले गेले. बाथजवळच्या दोन बोगद्यांतून २०१३ पासून सायकलींचा रस्ता जातो, आणि ग्रीन पार्क हे तेथले सुंदर स्थानक आता बाजारहाटाची जागा झाले आहे. तो मार्ग ‘धावता’ पाहायचा असेल तर पीटर्स आणि त्यांच्यासारख्या हौशी लोकांच्या फितींकडेच जावे लागते.

चढावर का उभे राहायचे

या चित्रफिती पाहू लागले की एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. त्यांत चढणीची दृश्ये फार. याचे कारण केवळ सौंदर्यदृष्टी नाही, त्यामागे साधा हिशेब आहे. ताशी साठ मैलांनी जाणारी गाडी सपाटीवर समोरून निघून जायला काही सेकंदच लागतात. चावीच्या कॅमेऱ्याची चावी दिली की तो अर्ध्या मिनिटाच्या आसपास चालतो. तेवढ्यात गाडी दिसेपर्यंतची वाट पाहणे, नेम धरणे आणि शेवटचा डबा जाईपर्यंत हात स्थिर ठेवणे, हे सारे साधायचे. चढावर गाडी मंदावते, इंजिन जिवाच्या आकांताने ओढते, धुराचा लोट उंच जातो आणि चित्रणाला अवधी मिळतो.

आपल्याला बोरघाट परिचयाचा आहे. तेथील चढ ३७ फुटांत एक फूट असा आहे, आणि त्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने लावतात हे मुंबई–पुणे प्रवास करणाऱ्या कोणालाही सांगायला नको. इंग्लंडमध्ये ब्रॉम्सग्रोव्हजवळ लिकी नावाची चढण आहे, तिचे प्रमाणही जवळजवळ तेवढेच, ३७.७ फुटांत एक. लांबी दोन मैल. तेथेही मागून ढकलणारी इंजिने लागत. त्यासाठी १९१९ साली दहा जोडचाकांचे एक खास इंजिन बांधले होते आणि लोक त्याला ‘बिग बर्था’ म्हणत. बोरघाटात १९३० च्या सुमारासच विजेची इंजिने आली, त्यामुळे हौशी कॅमेरे सर्वत्र होण्यापूर्वीच तेथली वाफ मागे पडली. लिकीवर मात्र ती पुढेही बरीच वर्षे राहिली आणि कॅमेऱ्यांनी तिला मनसोक्त टिपले.

अडचण होती ती उजेडाची. १९३५ साली कोडॅकची ‘कोडाक्रोम’ ही रंगीत फीत आली. तिचे रंग आजही टवटवीत आहेत, पण ती फार मंद होती. तिची प्रकाशग्राहकता केवळ १० अंक होती. १९६१ साली सुधारलेली आवृत्ती आली ती २५ अंकांची. इंग्लंडच्या ढगाळ हवेत इतक्या मंद फितीने चित्रण करणे म्हणजे सूर्यनारायणाच्या मर्जीवर जगणे. शिवाय वाफेचे शुभ्र ढग उठून दिसायचे तर हवा थंड हवी, कारण थंड हवेत वाफ लवकर गोठून दाट दिसते आणि उन्हाळ्यात ती चटकन विरून जाते. म्हणून थंडीतली लख्ख उन्हाची सकाळ ही या मंडळींची पर्वणी. अशा सकाळी सुट्टी असावी, गाडी वेळेवर असावी आणि ऐन क्षणी सूर्यापुढे ढग येऊ नये, एवढे योग जुळले की दहा सेकंदांचे एक चांगले दृश्य मिळे.

फीत वाचायची कशी

समजा, एका जुन्या डब्यात एक रीळ सापडले. त्यावर काहीच लिहिलेले नाही. ही गाडी कोठली आणि कोणत्या सालची? येथे जाणकाराचे काम सुरू होते, आणि ते इतिहासाच्या विद्यार्थ्याने नाणे किंवा शिलालेख वाचण्यासारखेच आहे.

प्रथम इंजिनाचा क्रमांक. तो वाचता आला तर इंजिन कधी बांधले आणि कधी भंगारात गेले याच्या नोंदी आहेत, म्हणजे काळाच्या दोन सीमा मिळाल्या. लिकीच्या चढणीवर ‘बिग बर्था’ काम करताना दिसली, तर ते चित्रण १९५६ च्या मध्यापूर्वीचेच, कारण तेव्हा ती निवृत्त झाली. मग इंजिनाच्या पुढच्या दारावरची लहान लंबगोल पाटी. तिच्यावर इंजिन कोणत्या शेडचे आहे याची खूण असते. ‘८२ एफ’ असे असेल तर ते बाथचे. मग कोळशाच्या टेंडरवरचे चिन्ह. चाकावर स्वार झालेला सिंह असेल तर ते जुने, मुकुटातून वर येऊन हाती चाक धरणारा सिंह असेल तर ते १९५६ नंतरचे. डब्यांचा रंगही बोलतो. किरमिजी आणि पिवळसर साय असा दुरंगी डबा १९४९ पासूनचा, गडद तपकिरी लाल १९५६ पासूनचा. इंजिनाच्या केबिनवर पिवळा तिरपा पट्टा असेल तर ते चित्रण १९६४ च्या उत्तरार्धानंतरचे. क्रू स्थानकाच्या दक्षिणेस विजेच्या तारांखाली या इंजिनाने जाऊ नये, असा त्या पट्ट्याचा अर्थ. इंजिनाच्या पुढे लावलेल्या दिव्यांच्या जागेवरून गाडी जलद आहे की मालगाडी, हे कळते. सावल्यांची दिशा पाहून वेळेचा अंदाज येतो आणि जुने वेळापत्रक उघडले की कधीकधी नेमकी गाडीच हाती लागते. खुद्द फितीच्या कडेवर कोडॅक कंपनीने वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा छापलेल्या असत. त्यांवरून फीत कोणत्या वर्षी तयार झाली तेही काढता येते, मात्र या खुणा वीस वर्षांनी पुन्हा त्याच येत असल्याने इतर पुराव्याशी मेळ घालावा लागतो.

गाडीचा वेगही मोजता येतो. त्या काळच्या नव्या प्रवासी डब्याची लांबी ६४ फूट ६ इंच होती. एक डबा तारेच्या खांबासमोरून जायला फितीवरची बारा चित्रे लागली आणि कॅमेरा सेकंदाला १६ चित्रे घेत होता, असे धरा. म्हणजे डबा पाऊण सेकंदात गेला. सेकंदाला ८६ फूट, अर्थात ताशी सुमारे ५९ मैल. अट एकच, कॅमेऱ्याची चावी उतरत आलेली नसावी.

फीत कोठे फसवते

पुरावा म्हटला की त्याची उलटतपासणी आलीच. हौशी चित्रफीत प्रामाणिक असते, पण प्रामाणिक साक्षीदारही अर्धेच पाहतो.

पहिली फसवणूक गतीची. सेकंदाला १६ चित्रांनी घेतलेली फीत दूरचित्रवाणीच्या २५ चित्रांच्या गतीने दाखविली की गाडी दीडपट वेगाने धावते आणि माणसे खेळण्यातल्यासारखी तुरुतुरु चालतात. जुन्या काळची माणसे विनोदी वाटतात त्याचे कारण पुष्कळदा एवढेच. चाकांचीही गंमत होते. ६ फूट ८ इंच व्यासाचे चाक ताशी साठ मैलांना सेकंदात सव्वाचार फेरे घेते. कॅमेरा त्यातली सोळाच चित्रे टिपतो, म्हणजे एका फेऱ्याची जेमतेम चार. त्यामुळे दांडा वर, पुढे, खाली, मागे असा उड्या मारतो आणि आरे कधी स्थिर, तर कधी उलटे फिरताना दिसतात. इंजिन उलटे चाललेले नसते, मधली चित्रे घेतलेलीच नसतात.

दुसरी फसवणूक आवाजाची. या फिती मुक्या होत्या. आज त्यांच्यासोबत ऐकू येणारा भसभस आवाज नंतर जोडलेला असतो. काही रसिकांनी त्या काळी ध्वनिमुद्रणेही केली होती. पीटर हँडफोर्ड या ध्वनिमुद्रकाची वाफेच्या इंजिनांची मुद्रणे तर नावाजलेली आहेत. पण कोणत्याही चित्राला कोणताही आवाज चालत नाही. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार उसासे होतात, तीन सिलिंडरांच्या इंजिनात सहसा सहा. दुरून चित्रण केले असेल तर शिट्टीची पांढरी वाफ आधी दिसली पाहिजे आणि आवाज मागून यायला हवा. जाणकाराचा कान हे लगेच पकडतो.

तिसरी फसवणूक सूक्ष्म आहे आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या फितींत सदैव ऊन असते. मंद फितीमुळे पावसात आणि रात्री चित्रण होत नसे, नोकरीमुळे ते शनिवार-रविवारीच होई, आणि प्रेमामुळे बाहेरूनच होई. मग पाहणाऱ्याला वाटते, वाफेचा काळ म्हणजे एक अखंड सोनेरी सुट्टी. प्रत्यक्षात पहाटे तीन वाजता शेडमध्ये राख उपसणारी माणसे, टनावारी कोळसा फावड्याने भट्टीत लोटणारा फायरमन, काजळीने काळवंडलेले दोरीवरचे कपडे हेही त्याच काळात होते. बाथजवळच्या ज्या बोगद्यांचा वर उल्लेख आला, त्यांतला कूम डाउनचा बोगदा एक मैलाहून अधिक लांब, अरुंद आणि हवा खेळायला वाट नसलेला. नोव्हेंबर १९२९ मध्ये एक मालगाडी त्यात चढण चढत असता धुराने इंजिनावरची माणसे बेशुद्ध पडली. गाडी तशीच पुढे उतारावरून सुटली आणि बाथच्या यार्डात जाऊन आदळली. ड्रायव्हरसह तिघांचा मृत्यू झाला. बोगद्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला आत शिरणारा धुराचा डौलदार पिसारा दिसतो, आत कोंडलेला श्वास दिसत नाही. म्हणून चित्रफितीशेजारी ज्यांनी ते काम केले त्यांचे बोलणेही ठेवले पाहिजे. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघते.

दोन शर्यती

आता प्रश्न टिकण्याचा. ॲसिटेटची फीत भडकत नाही हे खरे, पण ती सडते. दमट आणि उष्ण हवेत तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटू लागते. डबा उघडताच व्हिनेगरचा आंबूस वास येतो, तो याचाच. एकदा ही क्रिया सुरू झाली की सुटलेले आम्लच तिला वेग देते. फीत आक्रसते, वाकते, तिची छिद्रे प्रक्षेपकाच्या दात्यांत बसत नाहीत. अशी फीत हौसेने जुन्या प्रक्षेपकावर चढविली तर तिचे तुकडे होतात. आता दात्यांविना फीत सरकवून एकेक चित्र टिपणारी यंत्रे आली आहेत, त्यांच्या साहाय्याने तिची संगणकीय प्रत करता येते. मूळ फीत मात्र थंड आणि कोरड्या जागी जपायचीच असते, कारण प्रत कितीही चांगली असली तरी मूळ ते मूळ. ब्रिटनमध्ये १९७६ साली स्कॉटलंडला आणि पूर्व अँग्लियाला प्रादेशिक चित्रपट संग्रहालये सुरू झाली आणि घरगुती फितींनाही तेथे जागा मिळाली. कोडाक्रोमची रीतसर धुलाई तर २०१० च्या अखेरीस जगातच बंद झाली. तशी नवी फीत आता होणे नाही.

ही झाली एक शर्यत. दुसरी माणसांची आहे. १९६८ साली विशीतला जो फायरमन शेवटच्या वाफेच्या इंजिनावर होता तो आज ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे. फितीतले स्थानक कोणते, सिग्नलच्या केबिनमध्ये उभा असलेला माणूस कोण, हे सांगू शकणारी पिढी झपाट्याने कमी होत आहे. फीत जपली आणि तिचे नाव-गाव हरवले, तर उरते ते केवळ एक सुंदर दृश्य. मालक वारला, घर आवरायला काढले, डब्यावर काही लिहिलेले नाही, प्रक्षेपक नाही, मग ते रीळ रद्दीत जाते. अशा किती फिती गेल्या याची मोजदाद शक्य नाही.

यात आपल्यासाठी काही आहे का? भारतात चित्तरंजनच्या कारखान्याने १९७२ साली वाफेची इंजिने बांधणे थांबविले आणि ब्रॉडगेजवरील नियमित वाफेची वाहतूक १९९५ साली संपली. म्हणजे ब्रिटनहून सत्तावीस वर्षांनंतर. तेवढ्या अवधीत येथली इंजिने टिपायला परदेशातले हौशी लोक कॅमेरे घेऊन आले. आपल्याकडे मात्र कॅमेरा आणि फीत दोन्ही महाग, रेल्वेच्या हद्दीत चित्रणाला परवानगीची अडचण, आणि रोजच्या गाडीचे काय चित्र घ्यायचे, ही भावना. माथेरानची वाफेची गाडी, कुर्डुवाडीची बार्शी लाइट, मूर्तिजापूरची शकुंतला यांच्यावर जीव टाकणारी माणसे पुष्कळ होती, पण त्यांच्यापाशी कॅमेरे नव्हते.

तरी सगळेच हातचे गेलेले नाही. आपल्या घरांतही कोठे कोठे आठ मिलिमीटरची लग्नाची, सहलीची रिळे पडून आहेत, आणि सहल म्हटली की आगगाडी आलीच. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारखी जाणकार संस्था आपल्याच राज्यात आहे. आणि भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर या रेल्वेच्या गावांतून आलेले विद्यार्थी आपल्या महाविद्यालयांत नेहमीच असतात. त्यांच्यापैकी कोणाचे आजोबा फायरमन होते, कोणाचे शेडमध्ये फिटर. आपल्याकडे फीत थोडी आहे, पण ज्यांनी भट्टीत कोळसा टाकला ते हात अजून आहेत.

म्हणून करायचे काम साधे आहे. घरात जुने रीळ सापडले तर ते प्रक्षेपकावर चढवू नये, आधी हुंगून पाहावे. आंबूस वास असेल तर ते इतर रिळांपासून वेगळे ठेवावे आणि लवकर जाणत्याला दाखवावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात: गाव, साल आणि चित्रातल्या माणसांची नावे. ती चिठ्ठी डब्यात टाकावी. आणि रीळ नसेल, पण आजोबा इंजिनावर असतील, तर वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे.